नोटा पडल्या की नोटाला पडली?

४ जून २०२४, लोकसभेच्या निकालाची संध्याकाळ. पुण्याहून मावशीचा फोन आला. तिचं वय ब्याऐंशी, ऐकू कमी येतं, पण टीव्हीवर खाली धावणाऱ्या पट्ट्या ती नेमाने वाचते. "काय गं, तुमच्या इंदूरला दोन लाख नोटा निघाल्या म्हणे? कुणाच्या घरात सापडल्या?"

मला आधी हसू आलं, मग तिला समजावत बसले. समजावता समजावता चहा गार झाला, तो पुन्हा गरम केला, तोही गार झाला. फोन ठेवल्यावर वाटलं, मावशीचं काही चुकलं नव्हतं. घोटाळा त्या शब्दातच आहे. मतदान यंत्रावरच्या ‘कोणीही नको’ या बटणाला नोटा म्हणतात, आणि पाकिटातल्याही नोटाच.

आमच्या शेजारी सगळे हिंदी बोलणारे, त्यांचा असा गोंधळ होत नाही. हिंदीत एक नोट, दस नोट, फार तर नोटों. ‘नोट’चं अनेकवचन ‘नोटा’ करते ती आपली मराठी. त्यामुळे इंदूरचा मराठी माणूस दिवसभर बाजारात "नोटा को वोट दिया" बिनदिक्कत म्हणतो, आणि घरी येऊन मराठीत तेच सांगायला गेला की "मी या वेळी नोटा दिल्या" असं तोंडून निघतं. हा सरळ सरळ गुन्ह्याचा कबुलीजबाब झाला! म्हणून माझ्यापुरता मी एक नियम केला आहे. दादाला, काकाला, तसं नोटाला. एकवचन, अनुस्वार नाही. "नोटाला मत दिलं." ‘नोटांना’ म्हटलंत तर लोक पाकीट शोधतील.

चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं

नोटा हे ‘नन ऑफ द अबव्ह’ याचं लघुरूप. अर्थ एवढाच की वरीलपैकी कोणीही नाही. मतदान यंत्रावर उमेदवारांची नावं वरून खाली असतात आणि सगळ्यात शेवटी ही ओळ असते, म्हणून ‘वरीलपैकी’.

तीस वर्षं शाळेत शिकवलं असल्याने मला ही ओळ चांगली ओळखीची. पर्यायी प्रश्न काढताना तीन पर्याय सुचतात, चौथा काही केल्या सुचत नाही, तेव्हा आम्ही शिक्षक मुकाट्याने लिहितो, ‘ड) वरीलपैकी नाही’. मुलं बिचारी त्या ‘ड’वर खूप विचार करतात. पण एक फरक इथेच लक्षात घ्या, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. प्रश्नपत्रिकेत ‘ड’ हे बरोबर उत्तर असू शकतं आणि त्याला गुण मिळतो. मतदान यंत्रावरच्या ‘ड’ला गुण कधीच मिळत नाही. तो किती जणांनी लिहिला एवढं मोजून जाहीर करतात.

कल्पना भारतातली नाही. अमेरिकेतल्या नेव्हाडा राज्याने १९७५ मध्येच मतपत्रिकेवर ‘यांपैकी कोणीही उमेदवार नको’ अशी ओळ घालायचा कायदा केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या रिपब्लिकन पक्षाच्या प्राथमिक फेरीत निक्की हेली बाईंना या ओळीपेक्षा कमी मतं पडली. माणसाकडून हरणं वेगळं, रिकाम्या चौकटीकडून हरणं वेगळं!

आधी काय करायचे लोक?

कागदी मतपत्रिकेच्या काळात सोपं होतं. चिठ्ठी घ्यायची, पडद्याआड जायचं, शिक्का न मारता घडी घालून पेटीत टाकायची. बाहेर बसलेल्यांना पत्ता लागत नसे. मग यंत्र आलं आणि त्याच्याबरोबर बीप आली. बटण दाबलं की लांब आवाज येतो. नाही दाबलं तर येत नाही, आणि खोलीतल्या सगळ्यांना कळतं की आत काहीतरी अडलंय.

२००८ च्या विधानसभा निवडणुकीत माझी ड्युटी एका शाळेच्या वर्गात लागली होती. बोटाला शाई लावायची आणि नोंदवहीत सही घ्यायची, हे माझं काम. दुपारी तीनच्या सुमाराला पांढऱ्या सदऱ्यातले एक गृहस्थ आले. सही केली, शाई लावून घेतली आणि म्हणाले, "मुझे किसी को वोट नहीं देना है, लिख लीजिए." खोलीत एकदम शांतता. पीठासीन अधिकारी, म्हणजे केंद्राचे प्रमुख, यांनी पिशवीतून नियमांची पुस्तिका काढली. निवडणूक नियम १९६१, त्यातला ४९-ओ. मत द्यायचं नसेल तर नोंदवहीत त्या माणसाच्या नावासमोर तसा शेरा लिहायचा आणि शेऱ्यापुढे त्याची सही किंवा अंगठा घ्यायचा.

शेरा लिहायला पाच मिनिटं लागली, कारण शब्द काय वापरावेत यावर एकमत होईना. तोवर तिन्ही पक्षांचे एजंट माना वर करून त्या गृहस्थांकडे बघत होते. एकाने दुसऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं. यादीतलं नाव मोठ्याने वाचलं गेलंच होतं, त्यामुळे हे कोण, कुठल्या गल्लीतले, सगळ्यांना ठाऊक. त्यांनी सही केली आणि रुमालाने बोट पुसत गेले. शाई कुठे पुसली जाते म्हणा.

ज्याने मत दिलं त्याचं मत गुप्त राहिलं, आणि ज्याने नाही दिलं त्याचं अख्ख्या गल्लीला कळलं. नोटा जन्माला आला तो ही विसंगती दूर करायला. उमेदवार पाडायला नव्हे.

कोर्टाने नेमकं दिलं काय?

पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संस्थेने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. मागणी सरळ होती, नकार द्यायचा तर तोही गुप्तपणे देता यावा. निकाल आला २७ सप्टेंबर २०१३ ला, सरन्यायाधीश पी. सदाशिवम यांच्या पीठाकडून. मत देणं जसं मतदाराचं व्यक्त होणं आहे तसं न देणंही आहे, आणि दोघांनाही गुप्ततेचं सारखंच संरक्षण हवं, असं न्यायालयाने म्हटलं आणि यंत्रावर वेगळं बटण ठेवायला सांगितलं. लोक मोठ्या संख्येने नकार देऊ लागले तर पक्ष बरे उमेदवार देतील, अशी आशाही निकालात आहे. पण आशा म्हणजे आदेश नव्हे, हे वाचताना बरेच जण विसरले.

त्याच वर्षाच्या अखेरीस पाच राज्यांत विधानसभा निवडणुका होत्या. छत्तीसगड, राजस्थान, दिल्ली, मिझोराम आणि आमचं मध्य प्रदेश. देशात नोटाचं बटण सगळ्यात आधी दाबणाऱ्यांत आम्ही इंदूरकर आहोत. पोह्यांवरच्या जिरावणाइतका त्याचा गाजावाजा झाला नाही, एवढंच. सुरुवातीला बटणासमोर नुसते शब्द असायचे. २०१५ मध्ये चिन्ह आलं, मतपत्रिकेवर काळी फुली. ते अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने काढलं.

"नोटाला जास्त मतं पडली तर निवडणूक पुन्हा होते ना?"

नाही. निदान लोकसभा आणि विधानसभेला तरी नाही. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात, आणि विचारणाऱ्यांना उत्तर ‘हो’च हवं असतं.

वर्गाचं उदाहरण घ्या. चाळीस मुलं, मॉनिटर निवडायचा आहे, दोघे उभे. बारा जणांनी पहिल्यासाठी हात वर केले, आठ जणांनी दुसऱ्यासाठी, आणि वीस जण म्हणाले, "दोघंही नको." मी असते तर दोघांना खाली बसवून पुन्हा विचारलं असतं. आपला कायदा तसं करत नाही. तो उमेदवारांपुरतं बघतो, बारावाला मॉनिटर, टाळ्या वाजवा. निवडणूक आयोगाने २०१३ मध्येच हे स्पष्ट केलं होतं. नोटाला कितीही मतं पडोत, उमेदवारांत ज्याला सर्वाधिक तो विजयी.

डिपॉझिटच्या हिशेबातही नोटा धरत नाहीत. लोकसभेला सर्वसाधारण उमेदवार २५ हजार रुपये अनामत भरतो आणि वैध मतांचा एक षष्ठांश मिळाला नाही तर ती जप्त होते. वैध मतं मोजताना नोटाची बाजूला काढतात. म्हणजे नोटाला मत देऊन तुम्ही कुणाचं डिपॉझिटही घालवू शकत नाही.

लोक नोटाला ‘नाकारण्याचा अधिकार’ म्हणतात, ते मला म्हणूनच पटत नाही. नाकारलेलं स्थळ परत दारात येत नाही. इथे ते नुसतं येत नाही, मांडवात जाऊन बसतं.

अपवाद आहेत, पण ते स्थानिक निवडणुकांत. त्या राज्य निवडणूक आयोगाच्या अखत्यारीत येतात. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये आदेश काढला की नोटाला सर्वांत जास्त मतं मिळाली तर फेरनिवडणूक घ्यायची. हरियाणानेही तसंच केलं आणि एक पाऊल पुढे टाकलं, नोटापेक्षा कमी मतं मिळालेल्यांना पुन्हा उभं राहू द्यायचं नाही. त्यामुळे पुण्याचा भाचा "आमच्याकडे पुन्हा होते" म्हणाला आणि इंदूरची मी "होत नाही" म्हणाले, तर दोघेही खरे असू शकतो. तो महापालिकेबद्दल बोलतोय, मी लोकसभेबद्दल.

मग इंदूरच्या त्या दोन लाखांचं काय झालं?

आता मावशीच्या पट्टीकडे येऊ. २०२४ च्या एप्रिलमधला एक आठवडा या शब्दासाठी फार धावपळीचा गेला.

२२ एप्रिलला सुरतेत भाजपचे उमेदवार बिनविरोध निवडून आल्याचं जाहीर झालं. काँग्रेसच्या उमेदवाराचा अर्ज छाननीत बाद झाला आणि उरलेल्या सगळ्यांनी माघार घेतली. २६ एप्रिलला लेखक शिव खेरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक आयोगाला नोटीस काढली. नोटाला बहुमत मिळालं तर निवडणूक रद्द करून नव्याने घ्या, अशी त्यांची मागणी. आणि २९ एप्रिलला, अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवशी, इंदूरचे काँग्रेस उमेदवार अक्षय कांती बम यांनी अर्ज मागे घेतला आणि भाजपमध्ये गेले.

त्या दिवशी राजवाड्याच्या मागे मी भाजी घेत होते. भाजीवाल्याने फोनवर बातमी बघितली, मेथीची जुडी हातात तशीच धरून म्हणाला, "लो भिया, परीक्षा के पहले ही रिजल्ट." मला नाही वाटत कुठल्या संपादकाने यापेक्षा चांगला मथळा दिला असेल.

तसं इंदूर १९८९ पासून भाजपचंच. २०१४ पर्यंत सलग आठ वेळा सुमित्रा महाजन निवडून आल्या, आमच्या मराठी घरांत ‘ताई’ म्हटलं की आडनाव सांगावं लागत नाही. त्यामुळे निकाल काय लागणार याची कुणाला फार उत्सुकता नव्हतीच. पण समोर कुणीच नसणं ही गोष्ट निराळी. काँग्रेसने मग लोकांना उघडपणे नोटाचं बटण दाबायला सांगितलं, आणि भाजपने नोटाला मत वाया घालवू नका म्हणून प्रचार केला. एका बाजूला उमेदवार, दुसऱ्या बाजूला चार अक्षरांचं लघुरूप, अशी ही लढत.

१३ मेला मतदान झालं. निकाल असा लागला. भाजपचे शंकर लालवानी १२,२६,७५१. बसपाचे उमेदवार दुसरे, ५१,६५९. नोटा २,१८,६७४. लालवानी ११,७५,०९२ मतांनी जिंकले. ही वजाबाकी करून पाहा, ती बसपाच्या मतांतून केलेली आहे. नोटाला बसपाच्या चौपटीहून जास्त मतं असूनही अधिकृत हिशेबात तो दुसरा नाही. दुसरं यायला आधी उमेदवार असावं लागतं.

एवढी मतं नोटाला देशात कुठेही, कधीही पडली नव्हती. त्याआधीचा लोकसभेचा विक्रम २०१९ मधला बिहारच्या गोपालगंजचा, ५१,६६०. २०२४ मध्ये देशभरात मिळून नोटाला ६३ लाखांच्या वर मतं पडली, म्हणजे एका मतदारसंघात सरासरी बारा हजारसुद्धा नाहीत.

मग झालं काय? कायद्याच्या भाषेत काहीच नाही. खासदार तेच, अधिकार तेच. पण आकडा अधिकृत निकालपत्रात कायमचा छापला गेला. ४९-ओ च्या काळात हे दोन लाख लोक नोंदवह्यांमधल्या शेऱ्यांत विखुरले असते, आणि त्या नोंदवह्या सीलबंद. शिवाय एजंटांच्या डोळ्यांदेखत दोन लाख लोकांनी तो शेरा लिहून घेतलाच नसता.

आणि सुरतेत? तिथल्या मतदाराला हेही करता आलं नाही. रिंगणात एकच उमेदवार उरला तर मतदान होतच नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं ५३ वं कलम तसं सांगतं. यंत्रच लागलं नाही तर नोटाचं बटण कुठून येणार? इंदूरमध्ये चौदा उमेदवार शिल्लक होते म्हणून मतदान झालं. त्यातल्या तेरा जणांची नावं फारशी कुणाला माहीत नव्हती, निकालानंतरही नाहीत. पण ते अर्ज मागे न घेता उभे राहिले नसते तर आमचीही सुरत झाली असती, आणि हे दोन लाख अठरा हजार लोक त्या दिवशी घरी आमरस खात बसले असते. बिनविरोध निवडीत तरी मतदाराला नोटा द्या, अशी याचिका पुढे विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात केली.

"नोटाला दिलं की भलत्याचाच फायदा होतो"

हा आक्षेप बहुतेक वेळा ज्याचा तोटा झाला तो घेतो. उदाहरण जवळचंच आहे. २०१८ च्या विधानसभेत ग्वाल्हेर दक्षिणची जागा काँग्रेसने १२१ मतांनी जिंकली. तिथे नोटाला दीड हजाराहून जास्त मतं होती. हरलेल्या बाजूने साहजिकच म्हटलं, नोटाने घात केला.

पण या हिशेबात एक गृहीतक दडलेलं आहे, ते म्हणजे नोटाचं बटण नसतं तर ही माणसं आपल्यालाच मत देणार होती. कशावरून? काही घरी बसली असती, काहींनी समोरच्याला दिलं असतं, काहींनी कुणा अपक्षाला. रुसून पंगतीतून उठलेला पाहुणा आपल्याच हातचं जेवणार होता, हे यजमानाने ठरवायचं नसतं. एवढं मात्र खरं की चुरशीच्या जागी तुम्हाला दोघांपैकी एक थोडा तरी बरा वाटत असेल, तर नोटाने त्याला काही मिळत नाही. तिथे मी स्वतः नोटा दाबणार नाही. दोघे सारखेच नकोसे असतील तर गोष्ट वेगळी.

"मग घरी बसलो तर काय बिघडलं?"

निकालाच्या दृष्टीने फार काही नाही. पण घरी बसणाऱ्याचं कारण कुणाला कळत नाही. ऊन होतं, लग्न होतं, गावाला गेलो होतो, राग होता, सगळं एकाच ढिगात. नोटावाल्याचं कारण निदान आकड्यात दिसतं. दुसरं म्हणजे तुम्ही गेलाच नाहीत तर तुमच्या नावावर दुसरा कुणी मत देऊन जायची शक्यता राहते. केंद्रावर काम केलेल्या कुणालाही विचारा. न्यायालयानेही ही बाब लक्षात घेतली होती.

बोलताना कुठे चालतं, कुठे नाही

बहिष्कार म्हणजे नोटा नव्हे. रस्ता नाही म्हणून अख्खं गाव केंद्राकडे फिरकलं नाही, तर तो बहिष्कार. सभागृहात ठरावाच्या वेळी हातच वर केला नाही, तर ते तटस्थ राहणं. पोस्टाने आलेल्या मतपत्रिकेवर दोन उमेदवारांच्या नावांपुढे खुणा केल्या, तर ते बाद मत, तिथे नकार नसतो, चूक असते. आणि राज्यसभेच्या निवडणुकीत आमदारांना नोटा नाही. आयोगाने दिला होता, पण सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये तो काढून टाकला.

‘नोटा दुसरा आला’ हे वाक्य मात्र बोलायला हरकत नाही, कागदावर खरं नसलं तरी. २०१९ च्या महाराष्ट्र विधानसभेत लातूर ग्रामीणला नोटाला २७ हजारांच्या आसपास मतं पडली आणि पलूस-कडेगावला २० हजारांहून जास्त. दोन्हीकडे विजेत्याच्या खालोखाल आकडा नोटाचाच होता.

घरात तर हा शब्द कधीच शिरलाय. "पोहे करू की उपमा?" असं सुनेने विचारलं की नातू फोनमधून मान वर न काढता म्हणतो, "नोटा." सून पोहेच करते, कारण ह्यांनी आणि मी पोहे म्हटलेलं असतं. नातवाला कायदा पूर्ण कळलेला आहे.

२०२४ च्याच नोव्हेंबरात महाराष्ट्रात विधानसभेचं मतदान झालं. संध्याकाळी मावशीचा फोन. "यंत्रावर सगळ्यात खाली ती तुझी फुली दिसली हं. एवढीशी असते गं, चष्मा पुसून बघावी लागली."

"दाबलीस की काय?"

"ते गुप्त असतं," मावशी म्हणाली, आणि फोन ठेवून दिला.